गिऱ्हाइकाचे मत आणि कामगाराचे मत

अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचे आलेख काढून झाले, की शेवटची दहा मिनिटे विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलावे, असा माझा जुना प्रघात आहे. गेल्या सत्रात असाच 'मोठ्या कंपनीतील नोकरी' हा विषय निघाला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी नगरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी महाविद्यालयात येतो, हे मला ठाऊक होते. घराघरांत वापरल्या जाणाऱ्या वस्तू बनविणारा तो मोठा कारखाना आहे. "कंपनी कशी आहे?" असे मी त्याला सहज विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, कोणत्या कंपनीचे सांगू? गेटवर जिचे नाव आहे तिचे, की माझ्या ओळखपत्रावर जिचे नाव आहे तिचे?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. गेटवर कारखानदाराचे नाव होते आणि ओळखपत्रावर मजूर पुरविणाऱ्या ठेकेदाराचे.

कामगाराला आपल्या कंपनीविषयी काय वाटते, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी 'आपली कंपनी' कोणती हे आधी ठरावे लागते. आणि उत्तर दिल्यानंतर उद्या आपण कामावर असू की नाही, याचाही विचार करावा लागतो. ज्याला या दोन्ही गोष्टींची चिंता नसते, त्याच्या मताला वजन येते. ज्याला ती असते, त्याचे मत त्याच्या मनातच राहते. मत हे केवळ बुद्धीचे काम नाही. ते मांडण्यासाठी पाय टेकायला जागा लागते. ही जागा गेल्या पन्नास वर्षांत कशी निर्माण झाली आणि कशी आक्रसत गेली, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

विचारले जाते ते कोणाला?

साबण, चहा, दंतमंजन, धुण्याची पावडर अशा नित्य वापराच्या वस्तू बनविणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकाचे मत जाणून घेण्यासाठी जेवढा खर्च करतात, तेवढा क्वचितच कोणी करीत असेल. वडीचा वास कसा वाटला, वेष्टनाचा रंग डोळ्यांत भरतो का, पुडा फाडताना पावडर सांडते का, असे प्रश्न घेऊन पाहणी करणारी मुलेमुली दारोदार फिरतात. यामागे केवळ सौजन्य नाही. गिऱ्हाइकाच्या हाती एक बिनबोभाट शस्त्र आहे. वडी आवडली नाही, तर पुढच्या महिन्याच्या यादीत ते दुसऱ्या वडीचे नाव लिहिते. त्यासाठी त्याला भांडावे लागत नाही, की अर्ज करावा लागत नाही.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या छोटेखानी ग्रंथात हाच विचार मांडला. एखाद्या संस्थेचा कारभार बिघडू लागला, की तिच्याशी संबंध असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा बोलणे. निष्ठा असेल तर माणूस लगेच सोडून जात नाही, थांबून बोलून पाहतो. बाजारात पहिला मार्ग चालतो, राजकारणात दुसरा. कारखाना मात्र या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. गिऱ्हाइकाला वडी बदलायला काहीच पडत नाही. कामगाराला नोकरी बदलायची तर घरभाडे, मुलांच्या शाळा, पतसंस्थेचे हप्ते आणि ज्यांनी जामीनकी दिली त्यांची अब्रू, हे सारे हलवावे लागते. म्हणून त्याला सोडून जाण्यापेक्षा बोलण्याची अधिक गरज असते. एकट्याने बोलणे मात्र धोक्याचे असते. कामगार संघटना, स्थायी आदेश, औद्योगिक न्यायालये हा सारा पसारा या एका अडचणीतून जन्मास आला आहे.

हॉथॉर्नचा धडा

मालकांनी कामगारांचे मत आपण होऊन कधी विचारलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिकागोजवळ टेलिफोनची सामग्री बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, ते व्यवस्थापनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. त्यांतील एक भाग मुलाखतींचा होता. १९२८ ते १९३० या अवधीत वीस हजारांहून अधिक कामगारांशी बोलणे झाले. आरंभी ठरावीक प्रश्न विचारीत. मग लक्षात आले की कामगाराला मनातले बोलू दिले तर अधिक कळते. मन मोकळे झाल्याने माणसाला बरे वाटते, असाही निष्कर्ष निघाला.

याच प्रयोगमालेतील दुसरी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. रिले जुळविणाऱ्या पाच मुलींची एक वेगळी खोली करून त्यांच्या कामाचे निरीक्षण चालले होते. त्यांपैकी दोघींना १९२८ च्या प्रारंभी तेथून हलविण्यात आले. त्या फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत, अशी तक्रार होती. पुढे महामंदी आली, कामगार कपात झाली आणि प्रयोगही थांबले. कामगाराने बोलावे, पण आम्ही विचारू तेव्हा आणि तेवढेच, ही मर्यादा तेव्हाही होती. मालकाच्या कृपेने मिळालेला कान मालकाची गरज संपली की बंद होतो.

नगरचा अनुभव

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर नित्य वापराच्या वस्तूंचा सर्वांत जुना मोठा धंदा विडीचा. नगर, संगमनेर, अकोले येथील हजारो स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळल्या. मजुरी हजार विड्यांवर. माल द्यायला गेले, की कारखान्याचा माणूस जुड्या तपासणार आणि न आवडलेल्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढणार. छाटेची मजुरी नाही. हा माल खरोखर वाईट आहे की नाही, यावर त्या बाईचे मत काय, हे विचारण्याची पद्धत नव्हती. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, ओळखपत्र आले, भविष्यनिर्वाह निधीचा हक्क हळूहळू मिळाला आणि छाटेच्या प्रमाणालाही नियमांनी बंधन घातले. तेव्हा कोठे त्या बाईला तोंड उघडण्यापुरता आधार मिळाला.

त्यानंतरचा टप्पा कारखानदारीचा. १९६४ पासून राज्य शासनाने मुंबई-पुण्याबाहेर उद्योग न्यावेत म्हणून सवलतींची योजना सुरू केली. नगरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची 'लूना' १९७२ साली बाजारात आली आणि नगरचे नाव देशभरच्या रस्त्यांवर धावू लागले. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, कारकून यांना परवडेल असे ते वाहन होते. म्हणजे या पानाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ती एकेकाळी असेलच. लष्करी छावणी, साड्यांचे माग आणि विड्या यांवर जगणाऱ्या शहरात पगारपत्रक हाती घेऊन येणारा कामगार हा एक नवाच नागरिक होता.

कायम नोकरीचा अर्थ त्या पिढीला नीट कळला होता. कायम झालेल्या मुलाचे लग्न जमे, त्याला सोसायटीत कर्ज मिळे, आणि मित्रासाठी तो जामीन राहू शके. कंपनीविषयी त्याची मतेही ठाम असत. उपाहारगृहातील आमटीपासून बोनसपर्यंत सर्व विषयांवर तो चौकात उभा राहून मोठ्याने बोले. त्याचे बोलणे नेहमीच शहाणपणाचे असे असे नाही. पण बोलल्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्याचे कार्ड काढून घेतले जाणार नाही, याची त्याला खात्री होती. महाराष्ट्राने १९७१ साली संघटनांच्या मान्यतेचा आणि अनुचित प्रथांना आळा घालणारा कायदा केला. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ४३-अ घालून व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्याचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरविले. कामगाराचे मत ही घटनेने दखल घेण्याजोगी वस्तू ठरली होती.

शिवडीची गोष्ट

पारनेर, अकोले, संगमनेर या तालुक्यांतील कितीतरी घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर उभी राहिली. म्हणून मुंबईतील एका कारखान्याची कथा आपल्याला परकी वाटू नये. लिव्हर कंपनीचा शिवडीचा साबण कारखाना १९३४ सालचा. १९५६ मध्ये तीन कंपन्या एकत्र होऊन हिंदुस्थान लिव्हर झाली, आणि २००७ पासून ती हिंदुस्थान युनिलिव्हर या नावाने ओळखली जाते. देशातील व्यवस्थापकांची शाळा म्हणून तिचा लौकिक मोठा. प्रकाश टंडन १९६१ साली तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. या कंपनीत अधिकारी म्हणून निवड होणे हे आजही अनेक पदवीधरांना भाग्याचे वाटते, आणि त्यांचे कंपनीविषयीचे मत सहसा उत्तमच असते.

त्याच कंपनीत शिवडीच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांचेही मत होते, आणि ते मांडण्यासाठी त्यांची स्वतःची संघटना होती. १९८८ साली वाद विकोपास जाऊन टाळेबंदी झाली व ती सुमारे वर्षभर चालली. या काळात कामगारांनी जे केले त्याला तोड नाही. आम्हाला साबण-पावडर बनविता येते, मग आम्हीच बनवू, असे म्हणून त्यांनी स्वतः धुण्याची पावडर तयार केली, पुड्यांत भरली आणि विकली. पावडरीचे नाव ठेवले 'लॉक-आउट'. गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी कामगाराने शोधलेली ही भाषा होती. कंपनीविषयीचे आपले मत त्याने पुड्यावर छापले आणि ते गिऱ्हाइकाच्या मोरीपर्यंत पोचविले.

या कथेचा शेवट मात्र गोड नाही. टाळेबंदी उठली, पण उत्पादनाचा ओघ हळूहळू मुंबईबाहेर वळत गेला. खामगावसारख्या ठिकाणी नवे कारखाने चालू लागले. २००६ साली शिवडीचा कारखाना एका दुय्यम कंपनीकडे वर्ग करण्यात आला आणि पुढे तो बंद झाला. यास केवळ संघटना कारण झाली असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. मुंबईतील जागेच्या किमती, मागास भागांतील सवलती, जुनी यंत्रसामग्री, हीही कारणे होतीच. तथापि, मुंबईच्या कामगाराने मोठ्याने बोलण्याची जी किंमत मोजली, तिचा काही भाग आपल्यासारख्या जिल्ह्यांना नव्या नोकऱ्यांच्या रूपाने मिळाला, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

स्वस्त पुड्याचा हिशेब

येथे कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. 'सर्फ' १९५९ साली बाजारात आली. पुढे अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी १९६९ साली 'निर्मा' सुरू केली आणि सर्फच्या जवळपास एक चतुर्थांश किमतीत ती विकली. मध्यमवर्गाने निर्माचे स्वागत केले. त्यात आपण सारे होतो. महिन्याच्या खर्चात काही रुपये वाचले. पण ते रुपये आले कोठून? काही अंशी साध्या वेष्टनातून, काही कराच्या फरकातून, काही अधिकाऱ्यांचा आणि जाहिरातींचा डामडौल टाळल्यातून. आणि काही अंशी मोठ्या कंपनीच्या कायम कामगाराला जे वेतन व हक्क होते, त्यांच्याविना काम करून घेतल्यातून. मोठ्या कंपन्यांनी हा धडा लगेच घेतला. खर्च कमी करायचा तर कायम कामगारांची संख्या कमी करायची, काम बाहेरच्या छोट्या कारखान्यांकडून करून घ्यायचे आणि आतल्या कामाला ठेकेदाराची माणसे लावायची, ही रीत पुढे सर्व धंद्यांत रुळली.

१९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याचे नावच 'नियमन आणि निर्मूलन' असे होते. निर्मूलन किती झाले ते आकडे सांगतात. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार या शतकाच्या प्रारंभी संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे २० टक्के कंत्राटी होते. आज हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे. शिकाऊ उमेदवार आणि प्रशिक्षणार्थी म्हणून यंत्रापुढे उभे असलेले तरुण याखेरीज.

म्हणजे प्रश्न असा आहे: स्वस्त पुडा मागणारे गिऱ्हाईक आणि त्या पुड्यामुळे हंगामी झालेला कामगार, हे दोघे वेगवेगळ्या घरांत राहतात काय? नगरच्या सावेडीत किंवा श्रीरामपूरच्या एखाद्या वसाहतीत ते एकाच छपराखाली राहतात. वडील पुडा घेताना किंमत पाहतात. मुलगा ठेकेदाराच्या गाडीची वाट पाहत चौकात उभा असतो. वडिलांचे मत विचारायला पाहणी करणारे दारी येतात, मुलाला कोणी विचारीत नाही. या दोन मतांची गाठ घरातल्या घरातही पडत नाही.

करता येण्याजोगे काही

ठेका पद्धत उद्या सकाळी नाहीशी होईल, असे मला वाटत नाही. हंगामानुसार मागणी कमीजास्त होणाऱ्या धंद्यांना काही लवचिकता लागते, हेही अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने नाकारू नये. पण लवचिकता म्हणजे मुकेपणा नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता देशात लागू झाल्या आहेत. त्यांच्या एकूण रोखाविषयी मतभेद आहेत. संघटनांचे आक्षेपही गंभीर आहेत. तरी त्यांत हाताशी धरण्याजोगे दोन दोर आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे, हा एक. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत मालक व कामगार यांच्या समान प्रतिनिधित्वाची तक्रार निवारण समिती असली पाहिजे, हा दुसरा.

या समितीत ठेकेदाराच्या माणसाला बसायला खुर्ची मिळते काय, यावर सारे अवलंबून आहे. ज्या कारखान्यात निम्मे हात कंत्राटी आहेत, तेथे समिती केवळ कायम कामगारांची असेल, तर ती निम्म्याच कारखान्याचे ऐकेल. आपल्या जिल्ह्यातील मोठ्या उद्योगांनी ही खुर्ची आपण होऊन द्यावी. कर्मचाऱ्यांच्या समाधानाच्या पाहण्या घेऊन त्यांचे निकाल अहवालांत छापण्यापेक्षा हे अधिक अवघड आहे. म्हणूनच त्याचे मोलही अधिक. कायम कामगारांच्या संघटनांनीही ठेक्यावरच्या भावाला सभासद करून घेताना हात आखडता घेऊ नये. दारातला माणूस मुका राहिला, तर घरातल्याचा आवाजही फार काळ ऐकू येत नाही; हे त्यांना एव्हाना कळले असेल.

महाविद्यालयांचेही काम आहे. आम्ही विद्यार्थ्यांना मुलाखतीत कसे बोलावे ते शिकवतो, पण नेमणूकपत्र कसे वाचावे ते शिकवीत नाही. मूळ वेतन कोणते, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कोणता, मालक म्हणून नाव कोणाचे, एवढे तीन प्रश्न विचारता आले तरी मुलगा थोडा ताठ उभा राहील.

आपल्याच अंगणात

हे सारे लिहीत असताना एक गोष्ट मला टोचते आहे, ती लपविणे बरे नव्हे. आम्ही कायम प्राध्यापक वेतन आयोगाविषयी, विद्यापीठाविषयी, शासनाविषयी भरपूर बोलतो. आमच्या संघटना आहेत, सभा आहेत, निवेदने आहेत. परंतु राज्यातील कितीतरी महाविद्यालयांत शेजारच्याच वर्गात तासिका तत्त्वावर शिकविणारा, आमच्याइतकाच शिकलेला तरुण सहकारी असतो. तास झाला तर पैसे. सुट्टी आली की कमाई नाही. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते ठाऊक नाही. बैठकीत त्याचे मत कोण विचारतो? आणि विचारले तर तो खरे सांगेल काय? शाळांतील आणि कचेऱ्यांतील वाचकांनीही आपापल्या शेजारच्या टेबलाकडे एकदा पाहावे. कारखान्याच्या गेटवरचा प्रश्न फार दूरचा नाही.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, आणि मीही त्याला पुन्हा विचारले नाही. विचारणाऱ्याचे ज्यात काहीच जात नाही आणि सांगणाऱ्याचे सर्व काही जाऊ शकते, असा प्रश्न विचारण्यापूर्वी विचारणाऱ्याने काही जबाबदारी पत्करली पाहिजे, असे मला वाटू लागले आहे. तास संपला. तो सर्वांच्या नंतर उठला, वही पिशवीत घातली आणि जाताना दाराशी थांबून म्हणाला, "सर, परीक्षेच्या आठवड्यात पाळी बदलून मागायची आहे. अर्ज कोणाच्या नावाने लिहू?"

या एका ओळीच्या पत्त्याचे उत्तर जोपर्यंत आपल्याकडे नाही, तोपर्यंत कामगारांचे मत काय आहे, हे आपल्याला ठाऊक आहे असे कोणीही म्हणू नये.